ढग आले की रात्र काळी होते की उजळ?

(टोकावडे येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

सुरुवातीलाच एक प्रश्न. अमावास्येची रात्र आहे आणि आभाळ भरून आलंय. बाहेर काळोख वाढेल की कमी होईल?

इथल्या एखाद्या आजोबांना विचारा. ते म्हणतील, "डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार!" कल्याणला राहणारा त्यांचा नातू म्हणेल, "छे, आमच्याकडे ढग आले की आकाश उलट उजळतं." गंमत म्हणजे दोघंही खरं बोलतायत.

असं का होतं? जिथे दिवे नाहीत तिथे रात्रीचा थोडासा उजेड वरूनच येतो. तो ताऱ्यांचा असतो, शिवाय वातावरणाचे उंचावरचे थर स्वतःही मंद चमकत असतात. ढग आला की हा उजेड अडतो. शहरात उजेड खालून वर जातो. निरभ्र रात्री त्यातला बराचसा अवकाशात निघून जातो. ढग असले तर त्यातले पाण्याचे थेंब तो विखुरतात आणि पुष्कळसा परत खाली पाठवतात. ढग तोच, पण एका ठिकाणी तो छत्री होतो आणि दुसऱ्या ठिकाणी आरसा.

हे मोजायचं कसं? त्यासाठी तळहातावर मावेल असं एक यंत्र मिळतं, स्काय क्वालिटी मीटर. ते डोक्यावरच्या आकाशाकडे धरायचं, बटण दाबायचं, आकडा येतो. आकाशाच्या एक चौरस विकला एवढ्या तुकड्यातून येणारा प्रकाश कितव्या प्रतीच्या ताऱ्याइतका आहे, ते हा आकडा सांगतो. विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग. इथे एक लक्षात ठेवा, हे माप उलटं आहे. आकडा जितका मोठा तितका काळोख जास्त. नैसर्गिक काळोख साधारण 22 असतो, मोठ्या शहरात 17-18 येतो. एका प्रतीचा फरक म्हणजे अडीच पट आणि पाच प्रतींचा फरक म्हणजे चक्क 100 पट!

बर्लिनमध्ये असं मोजमाप झालं आणि ते 2011 मध्ये प्रसिद्ध झालं. शहराच्या आत ढगाळ रात्रीचं आकाश निरभ्र रात्रीपेक्षा सुमारे 10 पट उजळ निघालं. केंद्रापासून 32 किलोमीटरवरसुद्धा ते 2.8 पट उजळ होतं. म्हणजे शहराचा उजेड शहराच्या वेशीवर थांबत नाही.

आता टोकावड्याकडे बघा. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, माळशेजचा घाट. पश्चिमेला मुरबाड आणि त्यापलीकडे कल्याण-उल्हासनगर. आपण मधोमध. मग आपला ढग छत्री की आरसा? उपग्रहाचे नकाशे बघून हे कळणार नाही, कारण ते निरभ्र रात्रींच्या छायाचित्रांवरून बनवतात. आपल्याकडे चार महिने आभाळ झाकलेलं असतं आणि नेमक्या त्या रात्री नकाशात नसतात. म्हणून इथे उभं राहूनच मोजायला हवं.

यंत्र नसलं तरी चालेल. चंद्र नसलेली, तुटक ढगांची रात्र निवडा. सूर्यास्तानंतर दीड तास जाऊ द्या. घरातला, रस्त्यावरचा दिवा डोळ्यावर येणार नाही अशा शेतात वीस मिनिटं थांबा, मोबाइल खिशात ठेवा. मग बघा, ताऱ्यांच्या आकाशावर ढग काळा दिसतो की पांढुरका? काळा दिसला तर आकाश अजून आपलं आहे. पांढुरका दिसला तर कुठल्यातरी दिव्यांचा उजेड पोचलाय. चारही दिशांना बघा, तारीख-वेळ वहीत लिहा. यंत्र असेल तर निरभ्र आणि पूर्ण ढगाळ अशा दोन्ही रात्रींचे आकडे घ्या. दर वेळी चार-पाच वेळा मोजा आणि पहिला आकडा सोडून द्या. समजा निरभ्र रात्री 21 आला आणि ढगाळ रात्री 20, तर ढगांनी आकाश अडीच पट उजळ केलं.

एवढा खटाटोप कशासाठी? काजव्यांचं उदाहरण घ्या. पावसाच्या तोंडावर, मे अखेर ते जून, नर काजवा चमकून मादीला खुणावतो. हेच दिवस आभाळ भरून येण्याचे. पूर्वी ढगाळ रात्र सगळ्यात काळी असायची, म्हणून ती त्यांची सगळ्यात चांगली रात्र होती. दिवे वाढले तर तीच सगळ्यात उजळ होते आणि खुणेचा उजेड पार्श्वभूमीत हरवतो.

कल्याणचे दिवे आपल्या हातात नाहीत, हे खरं. पण शहराचा उजेड अंतराबरोबर झपाट्याने घटतो. अनुभवातून मिळालेला नियम असा, की अंतर दुप्पट झालं तर तो साडेपाच पटीने कमी होतो. म्हणून दूरच्या शहराइतकाच जवळचा उघडा हॅलोजनही महत्त्वाचा. आणि तो आपल्या हातात आहे! नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतले शंभरावर दिवे बदलून त्यांचा उजेड जमिनीकडे वळवला. गावं अंधारात बुडाली नाहीत. वाटेवर पडायला हवा तो उजेड वाटेवर पडला, एवढंच.

तेव्हा पुढच्या अमावास्येला आजोबा आणि नातू, दोघांनी मिळून शेतात जा. कोण बरोबर, ते ढगच सांगेल.