हेडलाइट फडफडतो तेव्हा

तळेगाव (श्यामजी पंत) नागपूर-अमरावती महामार्गावरचं गाव. अशा रस्त्यावर रात्री समोरून ट्रक येत असताना हेडलाइट फडफडणं जिवावर बेतू शकतं.

एकच दिवा फडफडत असेल तर त्याचा होल्डर आणि अर्थिंगची वायर बघा. ही वायर बॉडीला जिथे बोल्टनं जोडलेली असते, तिथे पावसाळ्यात गंज धरतो आणि विजेची परतीची वाट अडते. दुखणं अनेकदा इथंच असतं. बोल्ट सोडून जागा पॉलिश पेपरनं चकचकीत घासा, पुन्हा घट्ट आवळा.

दोन्ही दिवे फडफडत असतील तर बॅटरीचे टर्मिनल साफ करा. सोडताना आधी निगेटिव्ह. मग मल्टीमीटर लावा. इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट, चालू असताना १३.५ ते १४.५. चालू इंजिनवर आकडा सतत नाचत असेल, तर अल्टरनेटर ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवा.