नवी पिकअप, ढिला बोल्ट

भातकुलीकडच्या शेतकऱ्याने तूर-सोयाबीन अमरावतीच्या बाजार समितीत न्यायला नवी पिकअप घेतली, हार-नारळ झाले, की थोड्याच दिवसांत कुणीतरी मिस्त्री गाडीखाली शिरतो आणि आतूनच ओरडतो, "या पायपाची तं क्लिपच नाही लावली!" मग दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, "कंपनीतून आली गाडी, तिले काय होते?" दुसऱ्याचं, "सारे चोर आहेत." चुकतात दोघेही.

हल्ली गाड्या रोबो बांधतात, मग चूक कशी राहील, असं पहिल्या गटाला वाटतं. रोबोंचा भर मुख्यतः पत्र्याचं वेल्डिंग आणि रंग यांवर असतो. वायरिंग, ब्रेकचे पाइप, डिझेलची नळी, रबरी बुचं हे सारं शेवटच्या टप्प्यात बहुतेक माणसाच्या हातानेच बसतं. गाडी पुढे सरकायच्या आत काम उरकायचं असतं. त्या घाईत क्लिप अर्धीच दाबली जाते, बोल्ट हाताने दोन आटे फिरवून राहून जातो. 2021 मध्ये महिंद्राने जानेवारी 2020 ते फेब्रुवारी 2021 या काळात बनलेल्या 29,878 पिकअप तपासणीसाठी बोलावल्या, त्या एक पाइप नीट आवळला गेला नसल्याच्या शंकेवरून. त्याच वर्षी जुलैमध्ये नाशिकच्या कारखान्यातल्या सहाशेहून कमी गाड्या परत बोलावल्या गेल्या. तिथं प्रश्न जोडणीचा नव्हता. कारखान्यात आलेलं इंधनच दूषित असल्याची शंका होती.

"पासिंग झालं ना, मग?" हा दुसरा भाबडेपणा. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था मॉडेलचा नमुना तपासून प्रमाणपत्र देतात. तुमच्या गाडीचा एकेक नट कुणी पाना लावून पाहत नाही. आरटीओचा एमएच-27 क्रमांक म्हणजे नोंदणी झाली, एवढंच.

आता 'सारे चोर' म्हणणाऱ्यांकडे वळू. खाली वाकून पाहिलं की जे डोळ्यांना खुपतं, त्यातलं पुष्कळसं निरुपद्रवी असतं. चॅसीवरचं वेल्डिंग ओबडधोबड दिसतं, पण चॅसी काही शोकेसमध्ये ठेवायची नसते. नटावरची पिवळी-पांढरी रेघ पाहून 'गाडी खोललेली आहे' असं छातीठोक सांगणारे भेटतात; खरं तर तो नट आवळून झाल्याची ती खूण असते. ब्रेकच्या डिस्कवरचा तांबूस थर गाडी थोडी चालली की घासून जातो. पाट्यांचे यू-बोल्ट सुरुवातीच्या धावेत थोडे सैल होतात. लोखंड बसतं, म्हणून पहिल्या सर्व्हिसला ते पुन्हा आवळायचेच असतात.

घाबरायचं ते वेगळ्याच गोष्टींना. चॅसीच्या कडेवर घासणारा पाइप, सायलेन्सरला टेकलेली वायर, ब्रेकच्या जोडावर ओल, पत्र्याच्या भोकातून वायर गेली आहे पण भोवती रबरी बूच नाही, डाव्या बाजूच्या नटावर रेघ आहे आणि उजव्या बाजूच्या तशाच नटावर नाही. हे सारं पावसाआधी पाहून घ्यावं. एकदा काळी माती खाली लिंपली गेली की मिस्त्रीला काही दिसत नाही, आणि खारपाणपट्ट्यातल्या बोअरच्या पाण्याने ती धुवायला जावं तर रंग उडालेल्या जागी गंज लवकर धरतो.

दिसलं की तिथल्या तिथे आवळून टाकायचं, हा आपला वऱ्हाडी उरक. पण नटाला ठरलेला जोर असतो. ढिल्याइतकाच जास्त आवळलेलाही धोक्याचा. शिवाय हात लावला की पुरावा गेला. आधी फोटो काढावा, मग शोरूमला जाऊन तक्रार जॉबकार्डावर लिहून घ्यावी आणि त्याची प्रत मागावी. तोंडी "करून देतो भाऊ" याला पुढे किंमत राहत नाही. घेतल्या घेतल्या जादा पाटा टाकला, चॅसीला वेल्डिंग मारलं, हॉर्नसाठी वायर कापली, तर वॉरंटी नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं.

गाडी परत बोलावली म्हणजे मॉडेलच भंगार, हाही असाच एक समज. 2021 च्या त्या पिकअप कंपनीच्या खर्चानेच तपासायच्या आणि दुरुस्त करायच्या होत्या. जे बोलावून घेत नाहीत, त्यांची मला जास्त धास्ती वाटते. 1 एप्रिल 2021 पासून तर सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश सरकारही देऊ शकतं.

दोष निघाला की नवी कोरी गाडीच मिळते, अशी आशा मात्र धरू नये. क्लचच्या तक्रारीवरून गेलेल्या मारुतीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश टिकू दिला नाही. वॉरंटीत सदोष भाग बदलण्याचीच हमी होती.

आणि "मालवाहू गाडी आहे, ग्राहक न्यायालय उभं करत नाही" हे सांगणारे बहुतेकदा शोरूमवालेच असतात. 1995 च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमकं ट्रकचंच उदाहरण घेतलं: पोटापाण्यासाठी स्वतः चालवणारा ट्रकमालक ग्राहकच, मदतीला एक-दोन माणसं ठेवली तरी. पगारी ड्रायव्हर ठेवून गाड्यांचा ताफा फिरवणाऱ्याची गोष्ट निराळी. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. शोरूम नागपूरचं असलं तरी भातकुलीकराला अमरावतीचा ग्राहक आयोग चालतो. मुदत दोन वर्षांची, आणि पाच ते दहा लाखांच्या गाडीला तक्रारीचं शुल्क 200 रुपये.