कंडेन्सर बदला, मग ऐका

धान घरात आलं की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मंडई भरते. दिवसा शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, रात्रभर नाटक. दिवाळीनंतर सुरू झालेला हा हंगाम होळीच्या आसपास संपतो. वडसा हे इथल्या नाटक कंपन्यांचं मुख्य ठाणं. इथले नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीवर बरंच छापून आलं. स्टेजवर टांगलेल्या माईकमागच्या मशीनबद्दल मात्र फारसं वाचायला मिळत नाही. त्यासाठीच संपादकांनी मला सडक अर्जुनीला धाडलं.

इथे अ‍ॅम्प्लिफायरला ‘मशीन’ म्हणतात. महामार्गालगतच्या एका दुकानात त्यातलं एक उघडं पडलं होतं आणि मिस्त्री त्यातला बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर काढत होते. माझं सगळं लक्ष त्या कंडेन्सरवरच खिळलं.

अ‍ॅम्प्लिफायर म्हटलं की लोकांना २एन३०५५सारखे ट्रान्झिस्टर आठवतात. आवाज वाढवतात तेच. कंडेन्सर आणि रेझिस्टन्स काहीच वाढवत नाहीत, पण कोणता सूर पुढे जाईल आणि कोणता वाटेत गळेल हे पुष्कळदा तेच ठरवतात. दोन टप्प्यांमधला कपलिंग कंडेन्सर डीसी अडवतो आणि आवाज सोडतो. पुढच्या टप्प्याचा रोध १० हजार ओहम असेल, तर ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर सुमारे १६० हर्ट्झच्या खालचा आवाज कापत जातो. तिथे १ मायक्रोफॅरडचा लावला की ही सीमा १६ हर्ट्झवर येते. ढोलकीच्या धुम्याचा भरीवपणा आणि खलनायकाचा खर्ज या एका बदलाने परत येतो.

मग सगळीकडे मोठाच का लावू नये? कारण भोंगा. भोंग्याच्या युनिटचा पडदा खालच्या सुरांवर नुसता जोरजोरात हलतो, आवाज देत नाही आणि शेवटी फाटतो. शंभर व्होल्टच्या लाइनचा ट्रान्सफॉर्मरही खर्जाने गच्च होऊन आवाज फाडतो. म्हणून भोंग्याच्या मशीनमध्ये लहान कंडेन्सर मुद्दाम ठेवतात. बॉक्स-स्पीकरच्या मशीनमध्ये तोच दोष ठरतो.

मायक्रोफॅरडच्या आकड्याबरोबर कंडेन्सरची जातही पाहावी लागते. स्वस्त सिरॅमिक कंडेन्सरची धारकता त्याच्यावरच्या व्होल्टेजप्रमाणे बदलते, त्यामुळे मूळ आवाजात नसलेले सूर मिसळतात. पॉलिएस्टरचा तसं करत नाही. काही सिरॅमिक तर टिचकीही पकडतात. मिस्त्रींनी चालू मशीनमध्ये प्लॅस्टिकच्या काडीने एकावर टकटक केलं आणि ती स्पीकरमधून स्पष्ट आली. मला हे विलक्षण वाटलं: मुका समजलेला भाग स्वतःच माईक झाला होता.

पण प्रत्येक बदल कानाला कळतोच असं नाही, आणि इथे भल्याभल्यांची गफलत होते. १९७८ साली इंग्लंडमध्ये जेम्स मोइर यांनी क्वाड कंपनीची तीन अ‍ॅम्प्लिफायर, एक व्हॉल्व्हचं आणि दोन ट्रान्झिस्टरची, जाणकारांना नावं न सांगता ऐकवली. त्यांना ती खात्रीने वेगळी ओळखता आली नाहीत. किंचित मोठा आवाज कानाला सहसा ‘बरा’ वाटतो, म्हणून आवाज एकसारखा ठेवणं हे अशा चाचणीतलं मुख्य पथ्य. मिस्त्रींनाही ते अनुभवाने ठाऊक आहे. आधी मीटर लावून ते दोन्ही मशीनचा आवाज एकसारखा करतात, मग मशीनवर कापड टाकतात. मदतीचा पोरगा मागून स्विच बदलतो. मी मत द्यायला तोंड उघडलं, तर म्हणाले, “पयले आयका जी भाऊ, मंग सांगा कोनता बरा.” त्यांची कसोटीही साधी आहे: शेवटच्या रांगेत ‘श’ आणि ‘स’ वेगळे कळले पाहिजेत. नाटक शब्दांवर चालतं. या कसोटीइतकी प्रामाणिक कसोटी मला महागड्या दालनांतही दिसलेली नाही.

अडचणी मात्र वाढत चालल्या आहेत. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर आतून वाळतात. तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या गोदामात पडलेलं मशीन न वापरताच म्हातारं होतं. हंगामाच्या पहिल्याच प्रयोगाला मग हमिंग येतं. बदली माल घ्यावा तर १०५ अंशांचा छाप मारलेला हलका माल बाजारात सर्रास मिळतो. बाहेरून तो ओळखू येत नाही, काही महिन्यांनी फुगल्यावर कळतं.

शांतपणे ऐकायला वेळ मिळतो तो पावसाळ्यातच, तेव्हा गिऱ्हाईक नसतं. पण रिकाम्या खोलीत बरं वाटलेलं मशीन मंडपात वेगळं वागतं, कारण गर्दी वरचे सूर शोषून घेते. त्यात जनरेटरचं व्होल्टेज खाली-वर होतं. टांगलेले माईक शिट्टी मारायला टपलेले असतातच.

आणि आता तयार क्लास-डी बोर्ड आले आहेत. हलके, थंड, स्वस्त. त्यांवरचे भाग तांदळाच्या कणीएवढे, नकाशा मिळत नाही, एक बिघडला की अख्खा बोर्ड बदलायचा. मिस्त्रींनी असे दोन बोर्ड कापडाखाली ऐकले. एक आवडला, तो घेतला. त्यात कोणता कंडेन्सर कुठे बसवलाय हे मात्र त्यांना वाचता येत नाही. येत्या मंडईत तो भोंग्यांना जोडायचा नाही, एवढं त्यांनी ठरवलंय.