एका मतानं काय हुतंय? : सात गैरसमज आणि वस्तुस्थिती

निवडणूक लागली की कबनूरच्या चहाच्या गाड्यावर आणि यंत्रमाग कारखान्यांच्या दारात काही वाक्यं हमखास कानावर पडतात. ती इतक्यांदा ऐकलेली असतात की कुणी तपासायला जात नाही. एकदा तपासून बघू.

गैरसमज १ : "हजारोंनी मतं पडत्यात. माझ्या एकट्याच्या मतानं काय हुतंय?"
वस्तुस्थिती : आपल्या जिल्ह्यातली २०१४ ची शाहूवाडी विधानसभा आठवा. सत्यजित पाटील सरूडकर यांना ७४,७०२ मतं, विनय कोरे यांना ७४,३१४. फरक ३८८. पाटलांच्या मतदारांपैकी १९५ जणांनी कोरेंचं बटण दाबलं असतं, तर आमदार बदलला असता. एवढी माणसं गावातल्या एका साखरपुड्याला जमतात. २०२४ मध्ये मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी लागला, तर साकोलीत नाना पटोले २०८ मतांनी तरले. राजस्थानात नाथद्वाऱ्यात २००८ साली मुख्यमंत्रिपदाचे दावेदार सी. पी. जोशी ६२,२१५ मतं घेऊन पडले. समोरच्याला ६२,२१६ होती.

गैरसमज २ : "लोकसभेला मतांचा डोंगर असतो, आणि टपाली मतं तर नावालाच."
वस्तुस्थिती : २०२४ ला मुंबई उत्तर-पश्चिममध्ये मतदान यंत्रांवरच्या मोजणीत अमोल कीर्तिकर एका मतानं पुढे होते. टपाली मतांत रवींद्र वायकरांना १,५५० आणि कीर्तिकरांना १,५०१ मिळाली. दोघांची मिळून नऊ लाखांवर मतं, आणि वायकर खासदार झाले ४८ मतांनी. त्याच वर्षी आपल्या हातकणंगल्यात धैर्यशील माने यांचं मताधिक्य १३,४२६ होतं. सहा विधानसभा मतदारसंघांत वाटलं तर प्रत्येकी जेमतेम सव्वादोन हजार.

गैरसमज ३ : "गावची निवडणूक भावकी आणि पॅनेलवर आधीच ठरलेली असते."
वस्तुस्थिती : साडेसात हजारांवर लोकसंख्येच्या गावात १७ सदस्य असतात आणि ते प्रभागवार निवडले जातात. प्रभाग लहान, म्हणून मताचं वजन जास्त. समान मतं पडली तर चिठ्ठी टाकतात. मुंबई महापालिकेत २०१७ ला प्रभाग २२० मध्ये दोघांनाही ५,९४६ मतं पडली आणि नगरसेवक चिठ्ठीनं ठरला. एक मतदार जास्त आला असता, तर नशिबावर वेळ आली नसती.

गैरसमज ४ : "कुणीच पसंत नाही, म्हणून घरी बसलो. हा आमचा निषेध."
वस्तुस्थिती : घरी बसलेल्याचा निषेध कुठंच नोंदला जात नाही. किती टक्के मतदान झालं पाहिजे, अशी अटही कायद्यात नाही. निषेधासाठी २०१३ पासून 'नोटा' आहे. लोकसभा-विधानसभेला नोटाला सर्वाधिक मतं पडली तरी उमेदवारांतला पहिलाच निवडून येतो. मात्र स्थानिक संस्थांसाठी राज्य निवडणूक आयोगानं २०१८ मध्ये वेगळा आदेश काढला : नोटा पहिला आला तर तिथं फेरनिवडणूक.

गैरसमज ५ : "पाळी बुडाली तर मजुरी कोण देणार?"
वस्तुस्थिती : मीटरवर मजुरी मिळवणाऱ्याचा हा प्रश्न रास्त आहे. पण लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ ब प्रमाणे लोकसभा-विधानसभेच्या मतदानादिवशी कामगाराला भरपगारी सुट्टी द्यावी लागते, रोजंदारीवाल्यालाही. गैरहजेरीनं धोका किंवा मोठं नुकसान होईल अशा कामांचा तेवढा अपवाद.

गैरसमज ६ : "मतदार कार्ड खिशात आहे, म्हणजे झालं."
वस्तुस्थिती : मत यादीतल्या नावावर मिळतं, कार्डावर नाही. नाव असेल तर आधारसारखं दुसरं मान्य ओळखपत्रही चालतं. नाव नसेल तर कार्ड दाखवून उपयोग नाही. नवीन नावासाठी नमुना ६, पत्ताबदल किंवा दुरुस्तीसाठी नमुना ८.

गैरसमज ७ : "हिटलर एका मतानं नेता झाला, वाजपेयींचं सरकार मतदाराच्या एका मतानं पडलं."
वस्तुस्थिती : मोबाइलवर फिरणारी पहिली गोष्ट खोटी आहे. १९२१ मध्ये हिटलरला पक्षानं जवळजवळ एकमुखानं नेता केलं. वाजपेयी सरकार १७ एप्रिल १९९९ रोजी २६९ विरुद्ध २७० असं पडलं हे खरं, पण ती मतं खासदारांची होती. आपल्या मताची किंमत पटवायला शाहूवाडीचा आकडा पुरेसा आहे.

आपण मत दिलं नाही, तरी कुणीतरी निवडून येतोच. फक्त त्याला निवडणाऱ्यांत आपण नसतो. तेव्हा निवडणूक जाहीर व्हायची वाट बघू नका. आजच यादीत स्वतःचं आणि घरच्यांचं नाव बघून घ्या, आणि मतदानादिवशी पाळीवर जाण्याआधी केंद्रावर जाऊन या.