जमीन कोणाच्या नावावर? मुळशीच्या मावळ्यांचा धडा



पवनेकाठचे रहाटणी आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आहे. जिथे ज्वारी-बाजरीची ताटे उभी असत तिथे आता उंच इमारती उभ्या आहेत. चाकणपासून हिंजवडीपर्यंत अशी कितीतरी गावे तुम्हाला दाखवता येतील. अजून ज्या गावांत शेती टिकून आहे, तिथे चावडीवर आणि चुलीपुढे बोलणे एकच. आपल्या जमिनीवर कधी शिक्का पडणार? आणि पडला तर हातात काय येणार?

हा प्रश्न कारखान्यांबरोबर आला असे आपल्याला वाटते. पण तो त्याहून जुना आहे. रहाटणीच्या एका अंगाला पवना, तर थोड्या अंतरावर दुसऱ्या अंगाला मुळा. दोघी दापोडीला एकमेकींना भेटतात. या मुळेच्या वरच्या खोऱ्यात, आपल्याच पुणे जिल्ह्यात, शंभर वर्षांपूर्वी शेतकऱ्याने धरणाविरुद्ध पहिला मोठा सत्याग्रह केला. तो मुळशीचा सत्याग्रह. त्याची हकीकत प्रत्येक शेतकरी घराने समजून घ्यावी अशी आहे.

गिरण्यांना वीज, विजेला खोरे

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या कापड गिरण्या जोरात होत्या. त्यांना वीज हवी होती. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस उदंड आणि खाली कोकणचा खोल उतार. माथ्यावर पाणी अडवायचे, नळांतून खाली सोडायचे आणि त्या जोरावर वीज काढायची, ही टाटांची योजना. लोणावळ्याजवळच्या तलावांवर खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले. पुढची नजर गेली मुळशी पेट्यावर. तिथे निळा आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचे ठरले. पन्नासच्या वर गावांना त्याची झळ पोचणार होती.

हे खोरे म्हणजे भाताचे आगर. डोंगरउतारावर नाचणी-वरई आणि खाली खाचरांत भात. पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून, गाळ धरून केलेली ही खाचरे पैसे टाकून दुसरीकडे विकत मिळत नाहीत, हे भातशेती करणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

जमीन घेण्यासाठी सरकारच्या हाती १८९४ चा भूसंपादन कायदा होता. संपादनावर शेतकऱ्याची हरकत ऐकून घेण्याचे कलम त्या वेळी त्या कायद्यात नव्हते. ते आले १९२३ मध्ये. म्हणजे मुळशीकराने किंमत किती एवढेच भांडायचे. जमीन द्यायची की नाही, हे त्याला कोणी विचारणार नव्हते. रीतसर ताबा मिळण्याआधीच शेतांत चर खणायला सुरुवात झाली आणि असंतोष भडकला.

रामनवमीचा दिवस

काळही तसाच होता. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक गेले होते. गांधीजींची असहकाराची चळवळ सुरू झाली होती. अन्यायापुढे मान तुकवायची नाही, पण हातही उगारायचा नाही, ही नवी रीत खेड्यापाड्यांत पोचत होती. ती मावळ्यांनी उचलली.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. सुमारे बाराशे मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले. काम बंद पडले. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे या लढ्याचे पुढारी. शंकरराव देवही त्यात होते. याच लढ्याने बापटांना ‘सेनापती’ हे नाव दिले. गांधीजींनीही ‘यंग इंडिया’त सत्याग्रहींच्या बाजूने लिहिले.

काम काही काळ थांबले आणि पुन्हा सुरू झाले. मग पुन्हा सत्याग्रह आणि धरपकड. ज्यांनी कधी तालुक्याची कचेरी पाहिली नव्हती अशा बायाबापड्या तुरुंगात गेल्या. जाईबाई भोई यांचे नाव या लढ्याच्या इतिहासात राहिले आहे. ज्या काळात घरची सून ओसरीवर येताना पदर सावरत येई, त्या काळात या बायका जमिनीसाठी पोलिसांपुढे उभ्या राहिल्या. विसाव्या शतकाने खेड्यात काय बदल केला असे कोणी विचारले, तर हे उदाहरण पुरे आहे.

फूट कोठे पडली?

तीन वर्षे लढूनही जमीन वाचली नाही. असे का झाले?

पहिले कारण उघड आहे. एका बाजूला सरकार आणि पैसेवाली कंपनी, दुसऱ्या बाजूला हातावर पोट असलेला मावळा. पण दुसरे कारण अधिक विचार करण्यासारखे आहे. खोऱ्यातली पुष्कळ जमीन कसत होता मावळा, पण ती पुण्यात राहणाऱ्या मालकांच्या आणि सावकारांच्या नावावर होती. मालकाला भरपाई हवी होती. कुळाला जमीन हवी होती. मालकाच्या दृष्टीने जमीन म्हणजे एक रक्कम, तर कुळाच्या दृष्टीने ते घर, गोठा, देऊळ आणि उद्याची भाकर. दोघांची वाट एक होणे शक्यच नव्हते. कंपनी भरपाई द्यायला तयार झाली तेव्हा एकी तुटली. घाम गाळला त्याचा कागद नव्हता आणि पैसा मोजला गेला तो कागद पाहून.

शेवटी बापटांनी शांततेची वाट सोडली. डिसेंबर १९२४ मध्ये त्यांनी प्रकल्पाची रेल्वेगाडी अडवली. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि लढा संपला. पुढे १९२७ मध्ये कोकणातल्या भिरा येथील वीजघर सुरू झाले. मुळेचे पाणी डोंगर उतरून पश्चिमेला गेले, वीज मुंबईला गेली आणि मावळा देशोधडीला लागला.

हरले, पण वाया गेले नाही

मुळशीने उभे केलेले प्रश्न मात्र बुडाले नाहीत. कसणाऱ्याचा हक्क कोणता, या प्रश्नाला १९४८ च्या कूळ कायद्याने उत्तर दिले. १ एप्रिल १९५७ या कृषिदिनापासून कुळे जमिनीची मालक झाली. उठवलेल्या माणसाला वसवायचे कोणी, या प्रश्नावर महाराष्ट्राने १९७६ मध्ये प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. १८९४ चा कायदाही अखेर गेला आणि १ जानेवारी २०१४ पासून नवा भूसंपादन कायदा लागू झाला.

तरीही दुखणे सरले असे नाही. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेचे पाणी बंद नळाने पिंपरी-चिंचवडला नेण्याविरुद्ध मावळचे शेतकरी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ उतरले. गोळीबारात तिघांचे प्राण गेले. त्यांत एक बाई होती. एकेकाळी मुंबईसाठी मुळशी होती, आता शहर झालेल्या आपल्याच गावांसाठी मावळ. नळाच्या या टोकाला राहणाऱ्यांनी त्या टोकाचा शेतकरी विसरू नये.

आपण काय करावे?

मुळशीचा धडा एका वाक्यात सांगायचा तर असा: कागद आणि एकी, दोन्ही हवीत.

आजोबांच्या नावावर असलेला सात-बारा तसाच पडून असेल तर वारसनोंद आजच करून घ्या. फेरफार आणि आठ-अ घरात जपून ठेवा. वडिलोपार्जित जमिनीत मुलींचा वाटा मुलांइतकाच आहे, हे २००५ च्या दुरुस्तीने देशभर ठरले आहे. त्यांची नावे लपवून पुढे कोर्टात भांडत बसू नका. संपादनाची नोटीस आली तर ती कोणत्या कायद्याखाली आहे ते आधी विचारा, कारण मुदत कायद्यागणिक वेगळी असते. नव्या भूसंपादन कायद्यात प्राथमिक अधिसूचनेपासून साठ दिवसांत लेखी हरकत घेता येते. ती घ्या आणि पोच मागून घ्या. दलालाच्या कागदावर एकट्याने अंगठा किंवा सही करू नका. गावाने बसून ठरवावे, आणि त्या बैठकीत घरची लक्ष्मीही असावी.

पैसा आला तर तो गाडीत आणि लग्नाच्या मांडवात जिरवू नका. जमीन चार पिढ्या पोसते. तिचा पैसाही निदान पुढच्या पिढीला पुरला पाहिजे. मुळशीच्या मावळ्याजवळ कागद नव्हता, तरी तो लढला. आपल्याजवळ कागद आहे. तो नीट सांभाळू या.