आधी कान लाव, मग वॉट विचार

दर दिवाळीला कुणीतरी जुना स्टिरिओ अॅम्प्लिफायर पोत्यात गुंडाळून माझ्या नारायणगावच्या घरी घेऊन येतो. कुणाला तो पुण्याच्या जुन्या बाजारात सापडलेला, कुणाच्या चुलत्याने आखातातून आणलेला. प्रश्न मात्र ठरलेला: "काका, किती वॉटचा असेल?" मी सांगतो, व्हॉल्यूम शून्यावर ठेव, सेट चालू कर आणि स्पीकरला कान लाव. काय ऐकू येतं ते सांग. वॉटचं मग बघू.

वॉटचा हा सोस आमच्याकडे जत्रेतून आला. गुढीपाडव्याच्या सुमारास इथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे कारभारी सुपारी द्यायला येतात. उघड्या माळावर, गर्दीच्या डोक्यावरून आवाज न्यायचा तर कर्णे हवेत आणि त्यामागे आहुजाचा दणकट अॅम्प्लिफायर हवा. (तमाशासम्राज्ञी विठाबाईंच्या गळ्याला त्याची कितपत गरज होती, हा भाग वेगळा.) पण बारा बाय पंधराची खोली म्हणजे माळ नव्हे. वॉट दुप्पट केले की आवाज जेमतेम ३ डेसिबलने चढतो. कानाला दुप्पट वाटायचा तर दहापट वॉट लागतात. बऱ्या स्पीकरवर निवांत ऐकताना बहुतेक वेळ एखाद्या वॉटमध्येच काम भागतं.

जपानी सेटांबद्दल थोडक्यात. सान्सुई, पायोनियर, मरांट्झ देखणे. चंदेरी तोंड, जड बटणं, नाचणारे काटे. घ्या, पण आधी मागची पट्टी वाचा. खास जपानसाठी केलेला सेट १०० व्होल्टचा असतो. आपल्या २३० वर लावलात तर आधी धूर ऐकाल. १९७८चा नॅड ३०२० मात्र मला मनापासून आवडतो. कागदावर २० वॉट, पण अंगापेक्षा दम मोठा. आपल्याकडचे कॉस्मिक आणि कोलकात्याचे सोनोडाइन आता पन्नाशीकडे झुकलेत. त्यांचे कंडेन्सर सुकलेले असणार, व्हॉल्यूम फिरवला की खरखर येणार. दोन्ही गोष्टी दुरुस्त होतात. जळलेला ट्रान्सफॉर्मर असेल तर मात्र नमस्कार करून परत द्या. पुण्याच्या तपकीर गल्लीतून सामान आणून जोडलेले २एन३०५५ ट्रान्झिस्टरचे सेट तर घरोघरी होते. त्यांच्याविषयी प्रेम आहे, भ्रम नाही.

आता माझ्या लाडक्या विषयाकडे येतो. पन्नासच्या दशकात मुलार्ड कंपनीने '५-१०' नावाचा आराखडा छापला: पाच व्हॉल्व्ह, दहा वॉट, शेवटी ईएल-८४ची पुश-पुल जोडी. जुन्नरच्या एका रेडिओ मेकॅनिकने तसे दोन एकाच पत्र्यावर बसवून मला स्टिरिओ करून दिला. व्हॉल्व्ह बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे. आउटपुट ट्रान्सफॉर्मर त्याने हाताने गुंडाळला. प्रायमरीचा थर, त्यावर सेकंडरीचा, पुन्हा प्रायमरी. मधे कुणी बोललं, वेढे चुकले, की सगळं उलगडून पहिल्यापासून. "सेटचा जीव इथं असतो," एवढंच म्हणायचा. मला तीन आठवडे हेलपाटे घालायला लावले, पण पहिल्या दिवशी कान लावला तेव्हा वाटलं सेट बंदच आहे. मग तबकडी लावली, आणि तानपुरा माझ्या खोलीत येऊन बसला.

पुण्यातले काही जाणकार (नावं घेत नाही, फराळ बंद होईल) म्हणतात, व्हॉल्व्हचा गोडवा म्हणजे निव्वळ विकृती, यंत्रावर मोजून बघा. मोजलंय. चांगला ट्रान्झिस्टर सेट आकड्यांत जिंकतो, हे कबूल. पण हेच लोक शंभर वॉटचा सेट आणून त्याचं बटण घड्याळातल्या आठाच्या पुढे नेत नाहीत, शेजारी तक्रार करतात म्हणून. त्यांनी एकदा खोडदला जाऊन यावं. तिथे आणि आसपास ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. माणसाने केलेला रेडिओचा गोंगाट कमी, भोवती डोंगरांचा आडोसा, म्हणून जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीसाठी ही जागा निवडली. तिथल्या पहिल्या अॅम्प्लिफायरला वॉट कुणी विचारत नाही. तो स्वतः किती कमी बोलतो, हे विचारतात. दुर्बिणीला जे कळतं ते आमच्या लग्नाच्या वरातींना कळत नाही. हल्ली मंचरपासून ओतूरपर्यंत ट्रॉलीवर स्पीकरची भिंत चढते आणि खिडक्यांच्या काचा ताल धरतात.

व्हॉल्व्ह घेणाऱ्याला एक ताकीद: आत तीनशेच्या वर व्होल्ट असतात, आणि सेट बंद केल्यावरही कंडेन्सर ते धरून ठेवतो. स्पीकर न जोडता चालू करू नका. आणि स्टॅबिलायझर घ्याच. आमच्या भागात रात्री उसाच्या, द्राक्षाच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज बसतं. मग ईएल-८४ची ऊब मंदावते, गाणारा जरा लांब गेल्यासारखा वाटतो. मी उठून सुई उचलतो आणि वाट बघत बसतो.