डोंगराआडचे एफएम
मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर रेडिओ सुरू ठेवून प्रवास करणाऱ्यांना एक अनुभव हमखास येतो. पनवेलपर्यंत खणखणीत लागणारे केंद्र खालापूरच्या पुढे खरखरू लागते. बोरघाटात एका वळणावर मुंबईचा निवेदक बोलत असतो. पुढच्या वळणावर त्याच आकड्यावर पुण्यातील दुकानाची जाहिरात सुरू होते. रेडिओ बिघडलेला नसतो. मिर्ची ९८.३, रेडिओ सिटी ९१.१ आणि रेड एफएम ९३.५ या वाहिन्यांची कंप्रता दोन्ही शहरांत एकच आहे. एकाच कंप्रतेवर दोन एफएम लहरी आल्या, तर रेडिओ जोरकस लहर धरतो आणि दुसरीला जवळजवळ गप्प करतो. घाटात हे बळ वळणागणिक बदलते.

कर्जतची अडचण वेगळी. एफएम लहरी साधारणपणे नजरेच्या रेषेत जातात. वरळीच्या दूरदर्शन मनोऱ्याची उंची ३०० मीटर. एवढ्या उंचीवरून निघालेली लहर सपाट प्रदेशात सुमारे ७० किलोमीटर पोहोचावी. वरळी ते कर्जत हे सरळ अंतर ५५ किलोमीटरच्या आसपास. म्हणजे अंतराचा दोष नाही. आडवी येते ती माथेरान, प्रबळगड, इर्शाळगडाची रांग. तिच्या माथ्यावरून वाकून खाली उतरते ते लहरीचे उरलेसुरले बळ. त्यामुळे माळावरच्या घरात गाणे स्वच्छ आणि ओढ्याकाठच्या घरात नुसती खरखर, असे एकाच गावात घडू शकते.

आधीच्या पिढीला हा जाच फारसा नव्हता. मुंबई ‘ब’ ५५८ किलोहर्ट्झवर, पुणे ७९२ वर. मध्यम लहरी जमिनीला धरून जातात आणि डोंगराला तितक्या बिचकत नाहीत. आवाज किनरा, पण पोहोचणारा. २००२ मध्ये मुंबईत खासगी एफएम आले, आवाज सुधारला आणि डोंगरापलीकडचा श्रोता मात्र हिशेबातून गळला. खासगी परवाने शहरांसाठी दिले जातात. जाहिरातदारही शहरच पाहतो.

इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. रेडिओ ती थांबवू शकला नसता. पण उल्हास आणि पाताळगंगेचे पाणी किती चढले, कोणत्या वाडीचा रस्ता बंद झाला, हे मुंबईचे केंद्र कशाला सांगेल? २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओची मुभा दिली. १०० वॅटची शक्ती, ३० मीटरपर्यंतचा मनोरा, पाच-दहा किलोमीटरचा टप्पा. मुंबईची लहर अडवणारे डोंगर अशा केंद्राला उलट सोयीचेच. त्याचा आवाज खोऱ्यातच राहतो आणि बाहेरच्यांशी टक्कर कमी होते. अडते ते पैशांपाशी. जाहिराती घेता येतात, पण तासाला ठरावीक मिनिटांच्याच, आणि त्या द्यायला तालुक्यात व्यापारीही मोजकेच.